साठ पौंडांचे ओझे : सफारीच्या बॅगेचा इतिहास

केनियाच्या सहलीला निघण्याच्या महिनाभर आधी यात्रा कंपनीकडून सूचनांचा एक कागद आला. खाकी, मातकट किंवा शेवाळी रंगाचे कपडे घ्यावेत. पांढरा टाळावा. निळा आणि काळा तर नकोच. लष्करी छापाचे कपडे आणू नयेत. रुंद काठाची टोपी, सकाळसाठी जाड स्वेटर. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. आणि शेवटी ठळक अक्षरांत : सामान मऊ पिशवीत, वजन १५ किलो, हातातली पिशवी धरून.

माझी थोरली बहीण बरोबर येणार होती. कागद वाचून ती म्हणाली, "अरे, जीपमध्येच बसून राहायचंय ना? मग सिंहाला माझ्या ड्रेसच्या रंगाशी काय करायचंय?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधताना मी बराच लांब गेलो. त्या कागदावरच्या काही सूचना निसर्गाने घालून दिलेल्या आहेत, काही कायद्याने, आणि बाकीच्या केवळ इतिहासाने. तिन्ही एकाच यादीत, एकाच सुरात लिहिलेल्या असतात, त्यामुळे वेगळ्या ओळखू येत नाहीत.

आधी शब्दच पाहू. 'सफारी' हा स्वाहिली शब्द, अर्थ प्रवास. तो आला अरबी 'सफर'वरून, म्हणजे आपल्या मराठी 'सफर'चा हा सख्खा भाऊ. स्वाहिलीत आजही कोणी कामानिमित्त गावाला निघाला तरी तो सफारीलाच निघालेला असतो. सिंह, दुर्बीण आणि खिशांचे जाकीट हे सारे त्या शब्दाला युरोपीय शिकाऱ्यांनी चिकटवले. त्याआधी तो शब्द किनाऱ्यावरून आत जाणाऱ्या व्यापारी तांड्यांचा होता, आणि अशा तांड्याचा कणा होता 'पगाझी', म्हणजे डोक्यावर ओझे वाहणारा हमाल. माशीमुळे जनावरे टिकत नसलेल्या मुलखात बैलगाडी किंवा खेचर चालत नसे. माणूसच चाले.

ही माशी म्हणजे त्सेत्सी. निद्रारोगाचे परजीवी ती माणसात सोडते आणि गुरांना नगाना नावाचा रोग देते. निळ्या आणि काळ्या रंगाकडे ती ओढली जाते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. आफ्रिकेत तिला पकडायला निळ्या-काळ्या कापडाचे सापळे लावतात. म्हणजे निळ्याची बंदी खरी. जीन्स घालून बसणारा प्रवासी स्वतःच सापळा होतो. पांढऱ्याचे कारण त्याहून साधे, ते म्हणजे धूळ. पहिल्याच दुपारी पांढऱ्याचा खाकी होतो.

लष्करी छापाची बंदी हा कायद्याचा मामला. झिम्बाब्वे, झांबिया, युगांडा अशा देशांत हे कापड फक्त सैन्यासाठी राखीव आहे. प्लॅस्टिकचेही तसेच. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली, टांझानियाने जून २०१९ मध्ये.

स्वेटर मात्र मराठी माणसाला पटत नाही. आफ्रिका म्हणजे ऊन, हे समीकरण आपल्याही डोक्यात पक्के आहे. नैरोबी शहर कळसूबाईच्या शिखराहूनही (१,६४६ मीटर) थोडे उंचावर वसले आहे, आणि मसाईमारा महाबळेश्वरपेक्षा उंच आहे. विषुववृत्ताला लागून असूनही जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात.

उरला खाकी. इथे निसर्ग संपतो आणि इतिहास सुरू होतो.

खाक म्हणजे धूळ. मराठीत आपण हा शब्द 'जळून खाक'मध्ये राखेसाठी वापरतो, फारसीत तो मातीचा आहे. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन याने पेशावरला 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी केली आणि तिला मातीच्या रंगाचे कपडे दिले. लाल डगल्याच्या ब्रिटिश फौजेत हे विचित्रच होते. पुढे १८५७ च्या युद्धात उन्हाळ्यातल्या पांढऱ्या गणवेशामुळे सैनिक लांबून टिपले जाऊ लागले, तेव्हा अनेक पलटणींनी ते कपडे चहात, कॉफीत, चिखलात, मिळेल त्यात बुडवून मळकट करून घेतले. प्रत्येक पलटणीची खाकी निराळी, आणि धुण्यागणिक बदलणारी. न जाणारा पक्का खाकी रंग १८८० च्या दशकात आला. बोअर युद्धापर्यंत (१८९९-१९०२) खाकी हाच साम्राज्याचा रंग झालेला होता. आफ्रिकेत शिकारीला गेलेले पुष्कळसे गोरे सैन्यातून निवृत्त झालेले किंवा सुटीवर आलेले अधिकारी होते. त्यांनी अंगावर होते तेच घातले. जाकिटाचे चार खिसे, खांद्यावरची पट्टी, कमरेचा पट्टा ही सारी लष्करी शिवण आहे. छातीवरच्या कापडी घरांत काडतुसे बसत. आता तिथे काहीच बसत नाही, तरी काही कंपन्या ती अजून शिवतात.

थोडक्यात, बहिणीचे म्हणणे बरोबर होते. पायी, दबकत जाणाऱ्याला मातकट रंगाचा उपयोग आहे. जीपमध्ये बसलेल्याला फारसा नाही. त्याच माळरानावर मसाई गुराखी लालभडक शुका पांघरून पायी गुरे चारतात.

टोपीची कथा अधिक गमतीची आहे, आणि थोडी दुःखाचीही. 'सोला टोपी' ही भेंडाची. आपल्याकडे ज्या भेंडाची बाशिंगे होतात तोच हलका, पांढरा गर. बंगालच्या पाणथळ जागेतला शोला कापून त्यावर कापड चढवत. ही टोपी भारतातून आफ्रिकेत गेली, आणि तिच्याबरोबर एक भीतीही गेली. उष्ण प्रदेशातले सूर्यकिरण गोऱ्या माणसाच्या कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आरपार जाऊन मेंदू नासवतात, असा त्या काळच्या डॉक्टरांचा समज होता. म्हणून कण्यावर बांधायची कापसाची गादी, म्हणजे स्पाइन पॅड, निघाली. किरण अडवायला लाल अस्तर निघाले. १९०५ मध्ये चार्ल्स वुडरफ या अमेरिकन लष्करी डॉक्टराने या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. मग शेजारी उघड्या डोक्याने ओझे वाहणाऱ्या माणसाचा मेंदू का नासत नाही? त्याची कवटीच जाड, असे उत्तर तयार होते. उष्माघात शरीराची उष्णता बाहेर न पडल्याने होतो. पाठीवर गादी बांधली की तो व्हायला मदतच होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिक आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात साध्या टोप्या घालून, उघड्या अंगाने लढले आणि सूर्याने कोणाची कवटी भेदली नाही. तेव्हा हे शास्त्र गुपचूप गुंडाळले गेले. तोवर ती टोपी सत्तेची खूण झाली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये मेलानिया ट्रम्प नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात पांढरे हेल्मेट घालून गेल्या, तेव्हा टीकेचा जो भडिमार झाला तो टोपीच्या आकारावर नव्हता, तिच्या आठवणीवर होता.

या सगळ्या सामानाचा उत्तम नमुना म्हणजे थिओडोर रूझवेल्ट. मार्च १९०९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून तो तीन आठवड्यांच्या आत जहाजात बसला आणि २१ एप्रिलला मोंबासाला उतरला. बरोबर मुलगा कर्मिट आणि स्मिथसोनियन संस्थेचे निसर्गशास्त्रज्ञ. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली होती, तीही मुख्यतः पंजाब आणि गुजरातमधून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांच्या हातांनी. त्यांतले सुमारे अडीच हजार मेले. त्या रुळांच्या कडेने भारतीयांची दुकाने वाढली. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' आणि गाडीला 'गारी' म्हणतात, ते उगाच नाही. पुढच्या काळात नैरोबीला उतरलेला शिकारी तिथल्या भारतीय शिंप्याकडे माप देई आणि एक-दोन दिवसांत खाकी जोड घेऊन निघे.

रूझवेल्टने आपल्या पुस्तकात कपड्यांची तपशीलवार नोंद केली आहे. गुडघ्यावर चामडे लावलेली, घोट्यापर्यंत गुंड्या असलेली खाकी विजार, लष्करी सदरा, खिळ्यांचे किंवा रबरी तळाचे बूट. डोक्यावर सूर्यटोप, पण तो केवळ तिथल्या लोकांच्या सल्ल्याला मान देऊन. मनातून त्याला आपली जुनी मऊ, काठाची हॅटच जास्त सोयीची वाटत होती. त्याच्या बाजूने बोलणारे डॉक्टर त्या वेळी फारसे नव्हते.

आणि मग पुस्तके. डुकराच्या कातड्यात बांधलेली साठेक पुस्तके त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत घातली. पेटीचे वजन साठ पौंडांहून किंचित कमी भरेल अशी काळजी घेतली. कारण साठ पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो, हे एका हमालाचे ठरलेले ओझे. शेक्सपिअर, होमर आणि बायबल मिळून एक माणूस.

हे वाचले आणि यादीकडे पाहण्याची माझी नजर बदलली. साठ पौंड हे त्या काळचे चलनच होते. तंबू किती, आंघोळीचे कॅनव्हासचे टब किती, हे सारे माणसांत मोजायचे. कातडी टिकवायला रूझवेल्टने चार टन मीठ नेले होते. सगळे एकदम उचलायचे म्हटले तर एकट्या मिठालाच १३० हून अधिक माणसे लागतात. त्याच्या मोहिमेत दोनशेहून अधिक हमाल होते. त्यांना पांघरायला एक कांबळे आणि अंगात घालायला एक जर्सी, हे त्यांचे सफारीचे कपडे. बाप-लेकांनी मिळून ५१२ प्राणी मारले, त्यांचा हिशेब जातीनुसार पुस्तकात आहे. हमालांपैकी बहुतेकांचे नावही नाही.

पाचच वर्षांनी याच हमालीचे युद्धात रूपांतर झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन पूर्व आफ्रिकेवर चाल करताना ब्रिटिशांना पुन्हा तीच अडचण आली. माशीमुळे जनावरे मरत, रस्ते नव्हते. मग गावोगावची माणसे पकडून 'कॅरिअर कोअर' उभी केली गेली. मृतांचा अधिकृत आकडाच ९५ हजारांच्या घरात जातो. बहुतेक गोळीने नव्हे, आमांशाने, तापाने आणि उपासमारीने गेले. नैरोबीतला करियाकोर आणि दार-ए-सलामचा करियाकू हे गजबजलेले बाजार याच 'कॅरिअर कोअर'ची नावे सांगतात.

नंतर मोटार आली, तांडे संपले. १९७७ मध्ये केनियाने शिकार पूर्ण बंद केली. बंदूक गेली, जाकीट राहिले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये इव्ह सां लोराँने त्याची फॅशन केली. आपल्याकडे 'बुशशर्ट' आधीच आला होता, मागोमाग सफारी सूट आला. एके काळी नवरदेवाला स्वागतसमारंभासाठी सफारी शिवणे हा लग्नाच्या यादीतला एक खर्चच होता. माझ्या वडिलांचा राखाडी सफारी अजून कपाटात आहे. त्यांनी सिंह पाहिला तो राणीच्या बागेत.

आम्ही शेवटी निघालो ते दोन मातकट पँट, चार सुती सदरे, स्वेटर, काठाची टोपी आणि दुर्बीण घेऊन. बहिणीने लाल ओढणी घेतलीच. नैरोबीच्या विल्सन विमानतळावर छोट्या विमानासाठी सामान तोलतात. माझी पिशवी सतरा किलो भरली. काट्यावरच्या मुलाने हसून दोन बोटे दाखवली. मी दोन जाड पुस्तके बाहेर काढली आणि काउंटरवर ठेवली. त्याने पिशवी एका हाताने उचलली, खांद्यावर टाकली आणि तो विमानाकडे चालू लागला.