दिनविशेष : २५ ऑगस्ट

२०१८ : कॅनडातील व्हँकुव्हर येथे ‘डोटा २’ या व्हिडिओ गेमच्या ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धेत युरोपच्या ओजी संघाने चीनच्या पीएसजी.एलजीडीला ३-२ असे हरवून विजेतेपद पटकावले. स्पर्धेला तीन महिने उरले असताना ओजीचे दोन खेळाडू दुसऱ्या संघात गेले होते. प्रशिक्षक सेबास्तियन डेब्स ऊर्फ सेब स्वतःच खेळायला उतरला, आणि नव्याने जुळवलेला हा संघ खुल्या पात्रता फेरीतून वर आला. अंतिम लढतीत १-२ अशी पिछाडी होती. चौथ्या डावात सेबच्या ‘ॲक्स’ या पात्राने प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात घेतलेल्या उडीने बाजी पालटली, ई-स्पोर्ट्सच्या इतिहासात इतका थरारक क्षण क्वचितच सापडेल. ओजीला सुमारे १ कोटी १२ लाख डॉलर मिळाले. कर्णधार योहान सुंडस्टाइन डेन्मार्कचा, डेब्स फ्रान्सचा, दोघे फिनलंडचे, तर एक ऑस्ट्रेलियाचा.

२०१९ : याच पाच जणांनी शांघायमध्ये टीम लिक्विडला ३-१ असे नमवले. ही स्पर्धा दोनदा जिंकणारा ओजी हा पहिलाच संघ, तोही लागोपाठ!