चित्रबलाक, म्हशी आणि भरतपूरचं पाणी

भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांनी चित्रबलाक नक्की पाहिला असेल. पांढरं अंग, छातीवर काळा पट्टा, शेपटीजवळ गुलाबी पिसं, नारिंगी तोंड, लांब पिवळी चोच. हा करकोचा मासा हेरत बसत नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवत राहतो, मासा लागला की मिटतो. म्हणजे त्याला उथळ आणि मोकळं पाणी लागतं. पुढची सगळी भानगड याच पाण्याची आहे.

या पक्ष्याची एक मोठी वसाहत राजस्थानात भरतपूरला, केवलादेवच्या पाणथळीत. ही पाणथळ माणसानेच घडवलेली. अठराव्या शतकातल्या अजान बांधाचं पाणी संस्थानिकांनी पुढे इकडे वळवलं, तेही बदकांच्या शिकारीसाठी! १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आकडा तिथे दगडावर कोरलाय, अभिमानाने. सलीम अलींसारख्यांच्या प्रयत्नांतून १९५६ ला अभयारण्य झालं, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शाबूत होता.

गावकऱ्यांना मात्र अशी सवलत मिळाली नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरणाऱ्या म्हशींना बंदी आली. पर्यायी चारा कुठला, हे कुणी सांगितलंच नाही. लोक चिडले, त्याच नोव्हेंबरात पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

आणि झालं काय? म्हशी गेल्या तसं पाण्यातलं गवत माजलं, मोकळं पाणी आटत गेलं. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसने दहा वर्षं अभ्यास केला आणि निघालं काय, तर म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू ठरवून हाकललं, त्याच पक्ष्यांचं कुरण राखत होत्या!

एवढ्यावर थांबलं नाही. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. २००४ च्या सुमारास दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी खाली पाणी सोडायला विरोध केला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पीक त्यांचं जळत होतं. पण पाणी आलं नाही की चित्रबलाक भरतपुरात घरटी बांधत नाही, तेही खरंच. शेवटी चंबळचं पाणी पाइपलाइनने आणावं लागलं. पांचनाच्या पाण्याचा वाद मात्र पुढेही चालूच राहिला.