कायद्याची कपाटे कशी उघडली

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, हे आपण सारेच जाणतो. परंतु तो ठाऊक करून घेण्याची सोय कोणी करावयाची? या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात मांडावा, असा आमचा मानस आहे.

आपला कायदा केवळ अधिनियमांत नसतो. वरिष्ठ न्यायालयांच्या निवाड्यांतही असतो. १८७५ साली सरकारने कायदा करून उच्च न्यायालयांचे निवाडे 'इंडियन लॉ रिपोर्ट्‌स' या मालेत अधिकृतपणे छापण्याची व्यवस्था लावली. इतरांनी छापलेले वृत्तांत ऐकून घेण्याचे बंधन न्यायालयांवर राहिले नाही. तरीही खाजगी मंडळी पुढे आली. मुंबईत १८९९ पासून रतनलाल व धीरजलाल यांचा 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' निघू लागला. १९२२ साली वि. वि. चितळे यांनी नागपुरास 'ऑल इंडिया रिपोर्टर' काढून निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे निवाडे एकत्र आणले. हे उपकार मोठेच होत. परंतु खंडांची रांग वर्षागणिक वाढत गेली, आणि नवशिक्या वकिलाला ती विकत घेणे सोपे नव्हते. ज्याचे कपाट भरलेले, त्याचाच युक्तिवाद भरभक्कम, असा हा प्रकार!

पुढे संगणक आला. तबकड्यांवर निवाडे घालून विकणाऱ्यांवर एका प्रकाशनसंस्थेने दावा लावला. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक' या त्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. संपादकाने स्वबुद्धीने रचलेला सारांश मात्र त्याचा स्वतःचा. लगेच २००८ साली सुशांत सिन्हा या संगणकतज्ज्ञाने 'इंडियन कानून' हे विनामूल्य शोधस्थळ सुरू केले. जानेवारी २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच 'ई-एससीआर' या नावाने आपले सुमारे ३४,००० निवाडे लोकांपुढे ठेवले. काही निवाड्यांचे मराठी अनुवादही आता मिळतात; अर्थात प्रमाण मानावयाचा तो इंग्रजी पाठच.

तेव्हा कपाट उघडले खरे. पण विवेक त्यात ठेवलेला नसतो. सापडलेला निवाडा पुढे वरच्या न्यायालयाने फिरवला काय, हे पाहावेच लागते. २०२३ साली न्यूयॉर्कमधील वकिलांनी यंत्राने रचून दिलेले, मुळी अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले, आणि त्यांना ५,००० डॉलरांचा दंड झाला. मूळ निवाडा उघडून वाचण्याचे कष्ट घेतले असते, तर ही नामुष्की टळती.

श्रोतेहो, ग्रंथ दुर्मिळ होते तेव्हा अज्ञानाला निदान सबब होती. आता तीही उरली नाही. घरच्या वाटणीचा वा भाडेपट्ट्याचा प्रश्न वकिलाकडे नेण्यापूर्वी त्यावरील एखादा निवाडा आपण स्वतः वाचून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.