पत्ता बदलला, चित्र हरवले

‘मु. पो. शिर्डी, ता. कोपरगाव, जि. अहमदनगर.’ एके काळी पाकिटावर असा पत्ता लिहीत. पुढे राहाता हा वेगळा तालुका झाला व शिर्डी त्यात गेली. २०२४ साली जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले. गाव जागच्या जागी आहे. पत्त्यातली दोन नावे मात्र बदलली. तरीही जुन्या पत्त्याचे पत्र बहुधा पोचते, कारण पोस्टमन विचार करतो. संगणक तसा विचार करीत नाही. त्याला दिलेला मार्ग अक्षरशः जुळला नाही, तर चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते.

फाइलींची अशी उतरंड संगणकात आली ती १९६० च्या दशकात. ‘मल्टिक्स’ या प्रणालीच्या रचनाकारांनी १९६५ मध्ये झाडासारखी रचना मांडली: खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, शेवटी पान म्हणजे फाइल. १९६९ पासून केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या ‘युनिक्स’ने हीच कल्पना सोपी करून रुजवली. घरगुती संगणकांच्या ‘डॉस’ प्रणालीत फोल्डरांची उतरंड १९८३ साली आली. युनिक्समध्ये दोन नावांमध्ये उजवीकडे झुकलेली रेघ असते. डॉसमध्ये ती रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावलेली होती, म्हणून तेथे उलटी रेघ आली.

मार्ग दोन प्रकारे सांगता येतो. पहिला पूर्ण मार्ग, म्हणजे पाकिटावरचा संपूर्ण पत्ता: ‘सी:\अहमदनगर\विज्ञान\चित्रे\पान’. दुसरा सापेक्ष मार्ग, म्हणजे ‘आमच्या शेजारचे घर’: ‘चित्रे\पान’. हा मार्ग धडा जिथे ठेवला आहे तेथून मोजतात. आता समजा, कोणी उत्साहाने ‘अहमदनगर’ या फोल्डरचे नाव ‘अहिल्यानगर’ केले. पूर्ण मार्गाने जोडलेली सारी चित्रे एका क्षणात हरवतील. सापेक्ष मार्गाने जोडलेल्यांना धक्काही लागणार नाही.

नावांच्या या घोळावर टपाल खात्याने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे पत्रे भरकटत. संस्कृतचे जाणकार व टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा आकडी पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. नगर शहराचा पिन ४१४००१, तर शिर्डीचा ४२३१०९. एकाच जिल्ह्यात सुरुवातीचे आकडे वेगळे का? कारण पिन टपालाच्या वर्गवारीप्रमाणे ठरतो, जिल्ह्याच्या नावाप्रमाणे नाही. म्हणूनच नाव बदलले तरी पिन बदलावा लागत नाही. युनिक्समध्येही प्रत्येक फाइलला नावाखेरीज एक क्रमांक असतो. पण धड्यात आपण लिहितो तो मार्ग, क्रमांक नव्हे. अडचण तिथेच आहे.

मग उपाय काय? धडा आणि ‘चित्रे’ हे फोल्डर एकाच ठिकाणी ठेवावे, मार्ग सापेक्ष लिहावा आणि हलवायचे तेव्हा दोन्ही एकत्र हलवावे. केवळ धडाच एक पायरी खाली, समजा ‘सातवी’ या फोल्डरात नेला, तर मार्गाच्या आधी दोन टिंबे व रेघ लिहावी: ‘..\चित्रे\पान’. दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर जा’. जुने पूर्ण मार्ग ‘शोधा व बदला’ या सोयीने एकदम दुरुस्त होतात. त्याआधी मूळ फाइलची प्रत मात्र ठेवावी. युनिक्सच्या घराण्यात इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वेगळी मानतात, हेही ध्यानात असू द्यावे.

वर्गात हे शिकवायला संगणकच हवा असे नाही. मुलांना ग्रंथालयातील एका पुस्तकाचा पत्ता दोन प्रकारे लिहायला सांगा: एक शाळेच्या फाटकापासून, दुसरा शेजारच्या पुस्तकापासून. मग कपाट दुसऱ्या खोलीत हलवा आणि विचारा, कोणता पत्ता टिकला? आपण मेहनतीने केलेला धडा दुसऱ्या शाळेत उघडेल, तेव्हा त्यातले चित्र दिसणे याच उत्तरावर अवलंबून आहे.