रुपयाला नऊ

ज्याला आम्ही नागपूरकर सट्टापट्टी म्हणतो, त्या आकड्याच्या जुगाराचे मूळ कापसात आहे. 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आमच्या भागातील कापसाचे येथेच सूत निघू लागले. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस-बाजाराचे उघडते व बंद होते भाव येत, आणि त्यांतील आकड्यांवर पैसे लागत. 1961 मध्ये हे भाव येणे थांबले. तेव्हा 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, व 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपला निराळा मांडला. पत्त्यांतील तीन पाने काढायची आणि बेरजेतला शेवटचा अंक घ्यायचा. दोन, पाच, नऊ मिळून सोळा, आकडा सहा.

एका फाटकसभेत जुगाराला आम्ही पाप म्हटले. एक वयस्क साचेवाला उठून म्हणाला, "भाऊ, काल माहा आकडा लागला. मंग पाप कायचं?" आम्हांस उत्तर सुचले नाही. नंतर आम्ही पापपुण्य सोडून हिशेब धरला.

आकडे दहा. प्रत्येकावर रुपया लावला तर जमले दहा. लागलेल्या आकड्याला मिळतात नऊ. एक रुपया मटकेवाल्याचा. जोड्या शंभर, भाव नव्वदाचा, कपात तीच. मिळालेले पुन्हा लावले, तर सात फेऱ्यांत शंभराचे सरासरीने अठ्ठेचाळीसच उरतात.

अमेरिकेतील बुकी खेळाच्या सामन्यांत हेच करतो. बलवान संघाने, समजा, सात गुणांहून अधिक फरकाने जिंकावे अशी अट घालून तो दोन्ही पारडी सारखी करतो. प्रत्येक बाजूवर एकशेदहा डॉलर लागले की दोनशेवीस जमतात. जिंकणाऱ्यास मुद्दलासह दोनशेदहा जातात. दहा त्याचे, म्हणजे शेकडा साडेचार. सामना कोणीही जिंको, त्याला चिंता नाही. आमचा कामगार मात्र शेकडा दहा देत होता, दुपटीहून अधिक!

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. महागाईभत्त्याच्या एकेका टक्क्यासाठी आम्ही भांडलो. आणि त्याच पगारातून दहा टक्के आमचेच लोक रोज हसत देत राहिले. पापाचे प्रवचन आम्ही केले. हा हिशेब मात्र फार उशिरा सांगितला. तो दोष आमचा. निदान आपण तरी घरी जाऊन मुलांना तो आजच सांगावा.