एपिसोडचा मजकूर : दिवाळं, भाड्याचं घर आणि रेम्ब्रांट

आजची गोष्ट ॲमस्टरडॅमची आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

मी नववीत होतो तेव्हा बाबांचं दुकान बुडालं. राहता फ्लॅट विकून देणी भागवली आणि आम्ही भाड्याने घर शोधायला लागलो. घरमालक विचारायचे, "काय करता आपण?" बाबा गप्प. शेवटी भाडेकरार आईच्या नावावर झाला. ती शिक्षिका, तिच्याकडे पगाराची स्लिप होती. बाबांनी खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्यांचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

कॉलेजात असताना रेम्ब्रांटबद्दल वाचलं, तेव्हा तोच चेहरा आठवला.

रेम्ब्रांट म्हणजे सतराव्या शतकातला हॉलंडचा गाजलेला चित्रकार. १६३९ मध्ये त्याने १३,००० गिल्डरला मोठं घर घेतलं, पैसे हप्त्यांनी द्यायचे. कामं भरपूर मिळत होती. पण गडी खर्चिक! लिलावात जाऊन चित्रं, शिल्पं, शंख, जुनी शस्त्रं, आवडेल ते घ्यायचा. हप्ते थकले. त्यात १६५२ ला इंग्लंडशी युद्ध पेटलं आणि व्यापार बसला. १६५३ ला घराची थकबाकी मागितली गेली, तेव्हा ती द्यायला त्याने नवी कर्जं काढली. ओळखीचं वाटतंय ना?

जुलै १६५६ मध्ये त्याने अर्ज केला, की माझी मालमत्ता घ्या आणि सावकारांना वाटा. घरातल्या सामानाची यादी झाली, ३६३ नोंदी. धुवायला दिलेले शर्ट आणि रुमालसुद्धा त्यात आले! १६५८ मध्ये घर लिलावात ११,२१८ गिल्डरला गेलं. म्हणजे घेतलं त्यापेक्षाही कमी.

मग हे कुटुंब रोझनग्राख्त या कालव्याकाठी, साध्या वस्तीत भाड्याने राहायला गेलं. सोबत हेंड्रिक्ये, म्हणजे त्याची लग्नाशिवायची जोडीदार, मुलगा टायटस आणि छोटी कॉर्नेलिया. आता खरी अडचण पुढेच होती. चित्र विकून पैसा आला, की सावकार दारात!

तोडगा निघाला १५ डिसेंबर १६६० च्या करारात. हेंड्रिक्ये आणि १९ वर्षांचा टायटस चित्रविक्रीच्या धंद्याचे मालक झाले. रेम्ब्रांट त्यांच्यासाठी काम करणार, सल्ला देणार आणि बदल्यात त्याला राहायला-जेवायला मिळणार. त्याने काढलेलं चित्र कंपनीचं, त्यामुळे सावकारांना त्याला हात लावता येईना. विचार करा, एवढा मोठा माणूस कागदावर पोराच्या धंद्यात पोटावारी राबणारा!

पण हात थांबला नाही. कापड तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचं १६६२ चं प्रसिद्ध समूहचित्र याच काळातलं. 'द ज्यूइश ब्राइड'सुद्धा भाड्याच्या घरातल्याच वर्षांतलं.

शेवट मात्र गोड नाही. १६६३ ला हेंड्रिक्ये गेली, १६६८ ला टायटस. १६६९ ला रेम्ब्रांट गेला, तेव्हा वेस्टरकेर्क चर्चमध्ये त्याला मिळालेलं थडगंही भाड्याचंच होतं. लिलावात गेलेलं ते घर आज त्याच्याच नावाचं म्युझियम आहे.

मला त्या म्युझियमपेक्षा तो करार जास्त बघावासा वाटतो. बाबांना आजही वाटतं, की त्या दिवशी आपलं नाव पुसलं गेलं. मला वाटतं, त्या दिवशी आईने आपल्या नावाखाली आम्हा सगळ्यांना जागा दिली. हे त्यांना कधी तोंडावर बोलता आलं नाही. म्हणून हा एपिसोड आधी त्यांनाच पाठवतोय.

भेटू पुढच्या आठवड्यात!