बालकांच्या नासिका-प्रक्षालनाचा इतिहास : परंपरा आणि प्रमाण

प्रस्तावना :
तान्हे मूल प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते व त्यास नाक शिंकरता येत नाही. त्यामुळे प्रौढास किरकोळ वाटणारे पडसे बाळाचे दूध पिणे व झोप या दोहोंत अडथळा आणते. यावर मिठाच्या पाण्याने नाक स्वच्छ करण्याचा उपाय सुचविला की, ‘ही तर आपली प्राचीन जलनेति’ असे सहज म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या समजाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

भारतीय ग्रंथपरंपरा :
पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात षट्कर्मांमध्ये नेतीचा समावेश आहे; मात्र ती सूत्रनेति होय, म्हणजे नाकातून दोरा ओढून मुखावाटे काढण्याची क्रिया. ती साधकासाठी आहे, बालकासाठी नव्हे. आयुर्वेदात तर वयाची मर्यादा स्पष्ट आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’नुसार सात वर्षांखालील मुलास नस्य देऊ नये, अल्प मात्रेचे प्रतिमर्श नस्य मात्र जन्मापासून चालते. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची मराठी घरांतील चालही याच अल्प मात्रेच्या उपचाराशी मिळतीजुळती आहे. तात्पर्य, परंपरेत बालकासाठी जे होते ते तेल होते, जलधार नव्हती.

युरोपातील प्रयोग :
डोके योग्य स्थितीत ठेवल्यास एका नाकपुडीत सोडलेले पाणी दुसरीतून बाहेर येते, या वेबर यांच्या निरीक्षणाच्या आधारे लुडविग थुडिकम यांनी 1864 मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये नाक धुण्याची पद्धत मांडली. पुढे या धारेमुळे पाणी मध्यकर्णात शिरून दाह होतो, अशा तक्रारी आल्या. मुलांची घसा व कान जोडणारी नलिका आखूड व आडवी असल्याने त्यांच्या बाबतीत हा धोका विशेष होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच शास्त्रज्ञ हॅम्बर्गर यांच्या संशोधनातून रक्ताशी समतुल्य अशा सुमारे 0.9 टक्के लवणद्रावणाची कल्पना रूढ झाली आणि नाकाला न झोंबणारे पाणी उपलब्ध झाले.

तेलाचा त्याग :
1925 मध्ये कॅनडातील लाफलेन यांनी नाक-घशात तेल सोडल्याने होणाऱ्या न्यूमोनियाचे वर्णन केले. फुफ्फुसात उतरलेले तेल शरीरास सहज बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे बाळाच्या नाकात तेल घालण्याच्या चालीचा फेरविचार अटळ ठरला.

अलीकडील पुरावा :
2008 मध्ये झेक प्रजासत्ताकातील 6 ते 10 वर्षे वयाच्या 401 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या द्रावणाचा नाकाच्या विकारांत लाभ दिसला. 2024 मध्ये स्कॉटलंडमधील अभ्यासाचे निष्कर्ष व्हिएन्ना येथे मांडले गेले. त्यात 6 वर्षांपर्यंतच्या 407 मुलांची नोंदणी होती. पालकांनी घरीच केलेल्या सुमारे 2.6 टक्के द्रावणाचे प्रत्येक नाकपुडीत 3 थेंब, दिवसातून किमान 4 वेळा घातले. या मुलांचे पडसे सरासरी 6 दिवसांत, तर इतरांचे 8 दिवसांत बरे झाले. दक्षिण आशियाई कुटुंबांतील मिठाच्या पाण्याच्या वापरावरूनच ही कल्पना सुचली, असे संशोधकांनी नमूद केले आहे.

समारोप :
परंपरेने प्रश्न दिला, प्रयोगाने प्रमाण दिले. मात्र परंपरेचा खरा वारसा जलनेतीत नसून वाग्भटाने घातलेल्या वयाच्या मर्यादेत आहे. प्रौढाची धार बालकाच्या नाकास लावता येत नाही. तेथे थेंबच हवेत. पाण्याच्या शुद्धतेसही तितकेच महत्त्व आहे. 2011 मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेति करणाऱ्या दोन प्रौढांचा अमीबाच्या संसर्गाने मृत्यू झाला. उकळून गार केलेले पाणी, मोजून घातलेले मीठ व मोजके थेंब, एवढ्या मर्यादेतच हा उपाय घरोघरी स्वीकारार्ह ठरतो. धाप लागणे किंवा दूध न पिणे ही लक्षणे दिसल्यास मात्र वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही.